काट्टुराजाची उमेदवारी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गेलेला मराठी माणूस आधी मान वर करून विमानाकडे पाहतो, मग नंदीकडे, आणि बरोबर कोणी जाणकार असेल तरच प्राकाराच्या भिंतीकडे वळतो. त्या भिंतीवर मराठीतला एक प्रदीर्घ लेख कोरलेला आहे. सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी तो सिद्ध केला आणि १८०३ साली तो दगडावर उतरला. भोसले घराण्याचा वृत्तान्त त्यात मूळपुरुषापासून सांगितला आहे, म्हणून त्यास ‘भोसले वंशचरित्र’ असे म्हणतात. आपल्याकडे बखरी कागदावर लिहिल्या गेल्या आणि बहुतेक वाळवीने खाल्ल्या. तंजावरकरांनी आपली बखर चोळ राजांच्या भिंतीवर कोरली आणि ती टिकली.

काही वर्षांपूर्वी निवडणूक निरीक्षक म्हणून मला तमिळनाडूत जाण्याचा योग आला. नामनिर्देशनपत्रांची छाननी संपली होती, माघारीची मुदत उलटायची होती, आणि निरीक्षकास अशा वेळी जी एखादी मोकळी सायंकाळ मिळते ती मिळाली होती. घरी अद्याप मराठी बोलणारे एक वयोवृद्ध गृहस्थ मला ती भिंत दाखवायला घेऊन गेले. त्यांची मराठी तीन शतकांपूर्वी घाट उतरून गेलेली. माझी त्यांना पुस्तकी वाटत असावी. दिवसभर मी काय केले असे त्यांनी विचारले. उमेदवारांचे अर्ज तपासताना पाहत बसलो होतो, असे मी सांगितले. त्यावर ते भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “मग हा अर्जही तपासा.” तो अर्ज काट्टुराजाचा होता. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी आपल्या घरी मला एक जुना तमिळ विनोदी चित्रपट दाखवला, शेजारी बसून संवादांचा अर्थ सांगत. त्यात दुसरा उमेदवार होता. हे दोन उमेदवार तेव्हापासून माझ्या मनात एकमेकांशेजारी बसले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी एकत्र लिहितो.

आधी काट्टुराजा. शहाजी राजांचे पुत्र एकोजी (व्यंकोजी) यांनी १६७५च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापले. त्यांचे तीन पुत्र, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, एकामागून एक गादीवर आले. तिसऱ्याचा, म्हणजे तुकोजींचा, मृत्यू १७३६ साली झाला आणि तेथून तीन वर्षे तंजावरच्या गादीची जी अवस्था झाली तिला प्रशासनाच्या भाषेत ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणावे लागेल. तुकोजींचे पुत्र बावासाहेब वर्षभरात वारले. त्यांची विधवा सुजानबाई हिने कारभार हाती घेतला. तिला काढून काट्टुराजा आला, त्याला काढून सयाजी, आणि सयाजीला काढून १७३९ साली प्रतापसिंह. तीन वर्षांत पाच राज्यकर्ते झाले. या सर्व काळात एकच माणूस आपल्या जागेवरून हलला नाही. तो तंजावरच्या किल्ल्याचा किल्लेदार सय्यद.

काट्टुराजाची हकीकत शिलालेखाच्या आधारे सांगावयाची तर अशी. सरफोजी राजे पहिले (१७१२–१७२८) यांना पुत्र नव्हता. त्यांच्या एका राणीने गरोदरपणाचे सोंग केले, बाहेरून एक मूल आणवले आणि तो आपला पुत्र म्हणून मिरवला. त्याचे नाव सवाई शहाजी ठेवण्यात आले. पुढे बिंग फुटले आणि ते मूल नाहीसे करण्यात आले. येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु राजवाड्यात नाहीशी झालेली मुले लोकांच्या बोलण्यात वाढत राहतात. सुमारे दहा वर्षांनी, गादीवर एक विधवा आणि वारस कोणी नाही असे दिसताच, सवाई शहाजी जिवंत असून रानात लपून वाढला आहे अशी वार्ता उठली. कोयाजी नावाच्या माणसाने एक मुलगा पुढे केला. तो प्रत्यक्षात रूपी नावाच्या दासीचा मुलगा सुभान्या होता, असे शिलालेख सांगतो. रानातून आला म्हणून लोकांनी त्याला नाव दिले काट्टुराजा. तमिळमध्ये काडु म्हणजे रान. रानातला राजा तो काट्टुराजा.

या दाव्याची रचना पाहण्यासारखी आहे. सुभान्या हा सवाई शहाजी नव्हता, हे एक. पण तो खरोखर सवाई शहाजी असता तरी काय? शिलालेखाच्याच म्हणण्याप्रमाणे मूळचा सवाई शहाजीदेखील राजाचा पुत्र नव्हता. म्हणजे हा तोतयाचा तोतया. त्याचा दावा शंभर टक्के खरा ठरला असता तरी तो गादीवर बसण्यास अपात्रच ठरता. माझ्या नोकरीत मी अनेक जातप्रमाणपत्रे आणि वारसनोंदी तपासल्या, पण इतका निर्दोषपणे निरर्थक दावा पाहिल्याचे स्मरत नाही.

तरीही तो राजा झाला. थोडे दिवस का होईना, पण झाला. सुजानबाई पदच्युत झाली आणि दासीपुत्र सिंहासनावर बसला. हे कसे घडले, याचे उत्तर वंशावळीत शोधून सापडत नाही. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडल्याखेरीज बाहेरचा राजा आत येत नसतो, आणि दरवाजा किल्लेदाराच्या ताब्यात असतो. काट्टुराजाची कागदपत्रे खरी की खोटी हा प्रश्न दरबारात विचारला गेला तो नंतर, त्याची गरज संपल्यावर. विचारला गेला तेव्हा उत्तर तत्काळ मिळाले.

पुण्याच्या वाचकास येथे भाऊसाहेबांचा तोतया आठवेल. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे त्यांच्या नावाने एक माणूस उभा राहिला. त्याने किल्ले घेतले, फौज जमवली आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ती कथा घरोघरी पोहोचली. दोन्ही प्रकरणांत फरक एवढाच की पुण्यास त्या वेळी नाना फडणिसांसारखा कारभारी होता. त्यामुळे चौकशी, साक्षी आणि शिक्षा हा क्रम राहिला. तंजावरात तो क्रम उलटा झाला: आधी राज्याभिषेक, मग चौकशी.

आता दुसरा उमेदवार. चो रामस्वामी हे मद्रासचे वकील, नाटककार, नट आणि पुढे संपादक. १९६८ साली त्यांनी ‘मुहम्मद बिन तुघलक’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याच नावाचा सुलतान मराठी माणसाला दौलताबादमुळे चांगला ठाऊक आहे. १३२७ साली दिल्लीची राजधानी देवगिरीस हलवण्याचा त्याचा निर्णय आजही आपल्याकडे कोणत्याही कार्यालयाच्या स्थलांतराच्या वेळी आठवला जातो. चो यांची कल्पना अशी: तुघलक आणि इब्न बतूता हे दोघे सहाशे वर्षांनी थडग्यातून जिवंत बाहेर येतात. विद्वान त्यांची परीक्षा घेतात आणि ते अस्सल असल्याचा निर्वाळा देतात. मग तुघलक निवडणुकीला उभा राहतो, जिंकतो आणि भारताचा पंतप्रधान होतो. हिंदी की इंग्रजी या वादावर तो फारसी राजभाषा करण्याचा तोडगा काढतो. पाठिंबा देणाऱ्या खासदारांना मंत्रिपदे पुरेनात, तेव्हा तो सर्वांना उपपंतप्रधान करून टाकतो. चो यांनीच दिग्दर्शित केलेला याच नाटकाचा चित्रपट मार्च १९७१ मध्ये पडद्यावर आला. तुघलकाची भूमिका त्यांचीच होती.

हा विनोद केवळ विक्षिप्तपणाचा नाही. तमिळनाडूत १९६७ साली द्रमुक सत्तेवर आला तो हिंदीविरोधी आंदोलनाच्या लाटेवर. त्यामुळे फारसीचा तोडगा ऐकून प्रेक्षक हसत असतील तेव्हा ते आपल्याच कालच्या घोषणांना हसत होते. पक्षांतरांचा तो काळ होता. १९६७ नंतरच्या काही वर्षांत देशभरातील विधानसभांत आमदारांनी ज्या वेगाने पक्ष बदलले, त्या वेगापुढे उपपंतप्रधानांची फौज ही अतिशयोक्ती वाटत नाही, फार तर अंदाजपत्रकी वाढ वाटते. आपल्याकडे राजकारणावर ‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ हे उत्तम चित्रपट झाले, पण ते गंभीर. हसवून रक्त काढणारा तुघलकासारखा चित्रपट मराठीत त्या काळात झाला नाही, याची मला खंत वाटते. असो.

चित्रपट आला तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री मु. करुणानिधी होते. ते स्वतः पटकथालेखक, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्कुवळैचे, आणि १९६२ साली याच तंजावर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेलेले. या चित्रपटातला उपहास सत्ताधाऱ्यांना रुचणारा नव्हता. तरी तो आला, आणि तोही नेमका लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या हंगामात. लोक हसले. मग त्यांनी मतदान केले आणि द्रमुकला २३४ पैकी १८४ जागा दिल्या. विनोदाने सरकारे पडतात असे मानणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

चित्रपट पाहताना माझ्यातला अधिकारी मात्र वेगळ्याच प्रश्नात अडकला. तुघलकाचे नामनिर्देशनपत्र माझ्यासमोर आले असते तर मी काय केले असते? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३६ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी छाननीच्या वेळी संक्षिप्त चौकशी करतो, आणि महत्त्वाच्या स्वरूपाचा दोष नसेल तर अर्ज फेटाळू शकत नाही. लोकसभेसाठी वय किमान २५ हवे. कमाल मर्यादा नाही. तुघलक सहाशे वर्षांचा असल्याचा आक्षेप टिकला नसता. नागरिकत्व? संविधानाच्या अनुच्छेद ५ प्रमाणे संविधानाच्या प्रारंभी ज्याचा अधिवास भारताच्या राज्यक्षेत्रात होता आणि जो या राज्यक्षेत्रात जन्मला, तो नागरिक. थडग्यात पडून राहणे हा अधिवास होय की नव्हे, यावर वकील दिवसभर बोलले असते, परंतु संशयाचा फायदा उमेदवाराला द्यावा अशीच आमची शिकवण आहे. मतदार यादीत नाव असले, अनामत रक्कम भरलेली असली आणि सूचकांच्या सह्या असल्या, की मी अर्ज वैध ठरवला असता. इब्न बतूताचा मात्र फेटाळला असता, तो टँजियरचा. खऱ्या तुघलकाने या परदेशी माणसाला दिल्लीचा काजी नेमले होते, आणि त्याला तिथली भाषा नीट येत नाही म्हणून मदतीला दोन सहायक दिले होते. ती नेमणूक होती, निवडणूक नव्हे. नेमणुकीत असे चालते.

गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच. छाननी ही उमेदवाराच्या कागदाची असते. त्याच्या शपथपत्रातील मजकूर खरा आहे की खोटा, हे ठरवण्याचे काम त्या दिवशी त्या टेबलावर व्हायचे नसते, ते न्यायालयाचे. आणि त्या उमेदवाराला उभा कोणी केला, त्याचा खर्च कोण करतो, जिंकल्यावर तो कोणाच्या हातात राहील, हे तर कोणत्याच रकान्यात विचारलेले नसते. चो यांच्या चित्रपटातले विद्वान नेमके याच मर्यादेत वागतात. ते तुघलकाला इतिहास विचारतात. त्याने इतिहास पाठ केलेला असतो. तो उत्तीर्ण होतो.

कारण हे दोघे तुघलक आणि बतूता नसतातच. ते महादेवन आणि राघवन नावाचे दोन तरुण. देशाच्या अधःपाताने व्यथित झालेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाच्या प्रेरणेने त्यांनी हे सोंग रचलेले असते. लोकांना फसवून दाखवायचे, आणि मग फसलात कसे हे सांगून डोळे उघडायचे, अशी योजना. काट्टुराजा आणि तुघलक यांच्यात हा एक मोठा फरक आहे: पहिल्याला कोणीतरी उभे केले होते, दुसरा सद्हेतूने स्वतः उभा राहिला होता. शेवटी तो फरक किती टिकतो, ते पुढे सांगतो. आधी तंजावरास परत जाणे भाग आहे, कारण तिथे अजून दोन उमेदवारांची छाननी व्हायची आहे आणि तिचे परिणाम थेट माझ्या खात्याच्या पूर्वजांपर्यंत, म्हणजे कंपनी सरकारच्या नोकरांपर्यंत, पोहोचतात.

काट्टुराजानंतर राजघराण्यातला सयाजी गादीवर आला. त्याचेही सय्यदाशी जमले नाही आणि १७३९ साली त्याच्या जागी प्रतापसिंह आले. प्रतापसिंह हे तुकोजींचे पुत्र, परंतु तलवारीशी लग्न लावून आणलेल्या स्त्रीच्या पोटचे. काटेकोर छाननीत त्यांचाही अर्ज अडला असता, आणि पुढे कंपनीच्या लेखकांनी सोयीनुसार तसा आक्षेप घेतलाही. मात्र या राजाने गादीवर आल्यावर एक गोष्ट केली जी त्याच्या आधीच्या चौघांना साधली नाही: त्याने सय्यदाचा काटा काढला. त्यानंतर प्रतापसिंह १७६३ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे राज्य करीत होते. त्यांच्या जन्माविषयीची शंका तंजावरातल्या कोणालाही पुन्हा आठवली नाही.

आठवली ती सेंट डेव्हिड किल्ल्यातल्या इंग्रजांना. १७४९ साली सयाजी त्यांच्याकडे आला. आपण खरे राजे, प्रतापसिंह गादीचा अपहार करून बसला आहे, आपल्याला परत बसवा, खर्च देऊ आणि कोळ्ळिडम नदीच्या मुखावरचे देवीकोट्टै देऊ, असे त्याचे म्हणणे. युरोपातले युद्ध नुकतेच संपले होते, कंपनीपाशी फौज रिकामी बसली होती, आणि देवीकोट्टै हे ठिकाण चांगले होते. सयाजी सीमेवर दिसताच रयत उठून त्याला मिळेल असे आश्वासन होते. कॅप्टन कोपच्या हाताखाली फौज निघाली. रयतेतला एक माणूस मिळाला नाही. मोहीम हात हलवत परत आली. मग मेजर स्ट्रिंजर लॉरेन्स दुसऱ्यांदा निघाला, त्याच्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा तरुण लेफ्टनंट होता, आणि देवीकोट्टै पडले.

आता उमेदवाराचे काय? तह झाला तो प्रतापसिंहांशी. देवीकोट्टै कंपनीकडे राहिले. सयाजीने पुन्हा तंजावरास उपद्रव देऊ नये याची हमी इंग्रजांनी घेतली आणि त्याच्या निर्वाहासाठी प्रतापसिंहांनी वर्षाला ४००० रुपये द्यावे असे ठरले. ज्याच्या हक्कासाठी युद्ध केले त्यालाच नजरकैदेत ठेवून त्याची नेमणूक प्रतिपक्षाकडून घ्यायची, याहून साफ हिशेब मी कोणत्याही खात्याच्या जमाखर्चात पाहिला नाही. सयाजीचा दावा काट्टुराजाच्या दाव्यापेक्षा कितीतरी सबळ होता. त्याचा त्याला उपयोग ४००० रुपयांपुरता झाला.

चौथा उमेदवार हा या सर्वांत आपल्याला सर्वाधिक प्रिय: स्वतः सरफोजी राजे दुसरे. सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार करणारे, शिक्षणाची, वैद्यकाची आणि चित्रकलेची आवड असणारे. तुळजाजी राजांनी १७८७ साली दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते वारले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी आक्षेप घेतला. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल याने पंडितांना प्रश्न घातला. एकुलता एक मुलगा दत्तक देता येत नाही, वय अधिक आहे, अशा कारणांवरून दत्तकविधान अशास्त्र असल्याचा निकाल पंडितांनी दिला. अर्ज फेटाळला गेला. अमरसिंह राजे झाले. पुढे मुलाचे पालकत्व सांभाळणारे पाद्री श्वार्ट्झ यांनी पाठपुरावा केला, पहिल्या पंडितांना लाच दिली गेल्याचा आरोप झाला, मुलाला मद्रासला हलवले गेले, आणि प्रश्न पुन्हा घातला गेला, या वेळी बंगाल व काशीच्या पंडितांना. शास्त्र तेच, मुलगा तोच, वय त्या दिवशीचे तेवढेच. निकाल आला: दत्तक सशास्त्र. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा मुलकी आणि लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला.

दोन्ही वेळच्या पंडितांना मी अप्रामाणिक म्हणत नाही. धर्मशास्त्रात दोन्ही मतांना आधार आहे. परंतु प्रश्न कोणाला घालायचा आणि कधी घालायचा, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, निकाल बहुतेक त्याच्या हाती असतो. कोणत्याही विभागात टिपणी सादर केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. १७३८ साली जी जागा सय्यदाची होती, ती १७९८ साली गव्हर्नर जनरलची होती. फरक असा की सय्यदाला किल्ल्याखेरीज काही नको होते. नव्या किल्लेदाराने राजाला किल्ला दिला आणि राज्य घेतले.

आता ती भिंत पुन्हा पाहू. अमरसिंह १८०२ साली वारले. १८०३ साली हा लेख कोरला गेला. ज्याचा स्वतःचा अर्ज एकदा शास्त्रार्थाने फेटाळला गेला आणि दुसऱ्यांदा शास्त्रार्थानेच मंजूर झाला, ज्याचे राज्य चार वर्षांपूर्वी तहाने गेले, अशा राजाने आपल्या वंशाची संपूर्ण नोंद दगडावर उतरवून घेतली. आणि त्या नोंदीत एका दासीच्या मुलाला, त्याच्या आईच्या नावासह, तोतया ठरवले. काट्टुराजाविषयी आपल्याला तपशिलाने जे कळते त्यातले बरेचसे त्या राजाच्या पदरच्या चिटणिसाकडून कळते. सुभान्याची बाजू लिहायला चिटणीस नव्हता. याचा अर्थ शिलालेख खोटा असा नव्हे. तोतयाची हकीकत मला खरी वाटते. ती मोडीत काढण्यासारखे काही माझ्यापाशी नाही. पण त्या संध्याकाळी भिंतीसमोर उभा असताना मला असे वाटले की सरफोजी राजांनी हा परिच्छेद इतक्या तपशिलाने का लिहवला असेल हे मला समजते. ज्याचे कागद दोनदा तपासले गेले, तो माणूस आपल्या पूर्वजांचे कागद नीट लावून ठेवतो. वंशाच्या यादीत एक तोतया स्पष्टपणे दाखवला की उरलेले सर्व आपोआप अस्सल ठरतात.

चित्रपटाचा शेवट सांगायचे राहिले. सत्तेवर आल्यावर सोंग उतरवायचे ठरलेले असते. राघवन आठवण देतो. महादेवन ऐकत नाही. त्याला आता तुघलकच राहायचे असते. तेव्हा राघवन जमावासमोर जाऊन सत्य सांगतो: हा तुघलक नव्हे, मी बतूता नव्हे, आम्ही तुम्हाला फसवले. तुघलक त्याच जमावाला त्याच्यावर उलटवतो. जमाव खरे सांगणाऱ्याचा जीव घेतो आणि तुघलक पंतप्रधान राहतो. शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ येथवर प्रत्येक संवादाचा अर्थ सांगत होते. या ठिकाणी ते गप्प राहिले, आणि मलाही अर्थ विचारावासा वाटला नाही. १७३८ साली तंजावरात दरबाऱ्यांनी तोतयाला हाकलले, कारण तो निरुपयोगी झाला होता. चो यांचा तोतया लोकांच्या उपयोगाचा राहिलेला असतो. निदान लोकांना तसे वाटते.

उमेदवाराकडे पाहून निवडणुकीचा दोष दूर करण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. १९९६ च्या विधानसभा निवडणुकीत तमिळनाडूतील मोडकुरिची मतदारसंघात १०३३ उमेदवार उभे होते. शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांकडे लक्ष वेधण्यासाठी हा मार्ग घेतला होता. मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली आणि ८८ जणांना एकही मत पडले नाही, स्वतःचेही नाही. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये आणि विधानसभेची २५० वरून ५००० रुपये झाली, मान्यताप्राप्त पक्षाखेरीज इतर उमेदवारांना दहा सूचकांची अट आली. यंत्रणेच्या दृष्टीने ते आवश्यक होते. मतदान केंद्रावर पुस्तिका उलगडणाऱ्या कर्मचाऱ्याची अवस्था मी कल्पू शकतो. मात्र मोडकुरिचीचे ते हजार अर्जदार काट्टुराजे नव्हते. त्यांच्यामागे किल्लेदार नव्हता, म्हणूनच त्यांना हजारांनी यावे लागले.

आणि तंजावर? २०१६ च्या मे महिन्यात तमिळनाडू विधानसभेचे मतदान झाले तेव्हा तंजावर आणि अरवकुरिची या दोन मतदारसंघांतले मतदान निवडणूक आयोगाने प्रथम पुढे ढकलले आणि मग अधिसूचनाच रद्द केली. कारण, मतदारांत मोठ्या प्रमाणावर पैसे वाटले गेल्याचे आढळले होते. कोणाच्याही नामनिर्देशनपत्रात दोष सापडला म्हणून नव्हे. छाननी रीतसर झाली होती. पैशाच्या वाटपामुळे विधानसभेची निवडणूक रद्द होण्याची ही पहिलीच वेळ. कायद्यात मतदान केंद्र बळकावल्यास निवडणूक रद्द करण्याची तरतूद कलम ५८ अ मध्ये आहे, पैसे वाटल्यास काय करावे याची नाही. म्हणून आयोगाला संविधानाच्या अनुच्छेद ३२४ खालील आपल्या सर्वसाधारण अधिकाराचा आधार घ्यावा लागला. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथे नव्याने मतदान झाले. निवडून आलेले आमदार सप्टेंबर २०१७ मध्ये अपात्र ठरवल्या गेलेल्या अठरा जणांपैकी एक होते, त्यामुळे २०१९ साली तंजावरकर पुन्हा मतदानाला गेले. पैशाच्या वाटपासाठी स्वतंत्र कलम ५८ ब घालावे, अशी शिफारस आयोगाने केली होती. शासनाने ती मान्य केली नाही.